शेवटची वीस मिनिटं आवाज बंद करून बघा: लोकप्रिय सिनेमातली पात्रं आणि थीम

निळी_शाई (धागाकर्ती)

लोकप्रिय सिनेमाबद्दल बोलताना 'यातून काय संदेश मिळतो' हा प्रश्न हटकून निघतो आणि चर्चा शाळेतल्या निबंधाच्या वळणावर जाते. मैत्री, देशप्रेम, आईबापांची माया हे झाले विषय. थीम म्हणजे त्या विषयाबद्दल सिनेमा काहीतरी ठामपणे म्हणतो, आणि ते म्हणणं खोडून काढायला पडद्यावर तितक्याच ताकदीचं कोणीतरी उभं असतं.

माझं मत असं की जे सिनेमे वर्षानुवर्षं टिकतात त्यांत हे म्हणणं भाषणात नसतं, पात्राच्या एका निर्णयात असतं. तो निर्णय महागात पडला पाहिजे. फुकटात मिळालेल्या शहाणपणावर प्रेक्षक विश्वास ठेवत नाही.

त्यासाठी एक साधी चाचणी: शेवटची २० मिनिटं आवाज बंद करून बघायची. पात्रानं काय सोडलं आणि कशासाठी सोडलं हे समजलं, तर थीम पात्रात मुरलेली आहे. कोणीतरी हात हलवत बोलतंय आणि समोरचे डोळे पुसताहेत एवढंच दिसलं, तर ती वरून भुरभुरवलेली आहे.

'फाइंडिंग निमो' (२००३) घ्या. पोराच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मार्लिन हा बाप मासा घराबाहेर येतो, पुन्हा आत जातो, पुन्हा बाहेर डोकावतो, पुन्हा आत. शेवटी मच्छीमारांच्या जाळ्याशी तोच बाप, ज्या पोरासाठी अख्खा समुद्र पालथा घातला त्याला, हातातून सोडून धोक्याकडे जाऊ देतो. एक शब्दही ऐकू आला नाही तरी कळतं.

तर कुठले सिनेमे पास, कुठले नापास आणि का, ते लिहा. शेवट फोडले जाणार आहेत. ज्यांना चालत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

रीळ_क्रमांक_चार

+१. 'अप' (२००९) दणदणीत पास. कार्ल म्हाताऱ्यानं बायकोच्या आठवणी म्हणून ते घर फुग्यांना बांधून आणलेलं असतं. शेवटाकडे फुग्यांत तेवढा जोर उरत नाही, घर हलेना. मग तो एकेक सामान बाहेर फेकतो तेव्हा घर उचललं जातं आणि त्याला पोराला सोडवायला जाता येतं. भूतकाळाला किती चिकटायचं हा सिनेमाचा प्रश्न, आणि उत्तर अक्षरशः किलोत मोजलंय.

खवचट_मांजर

आवाज बंद केला की आपल्याकडचे निम्मे सिनेमे आपोआप सुधारतात. चाचणीत खोट आहे.

अर्धविराम

धागा उत्तम, पण चाचणी आपल्या सिनेमावर अन्याय करणारी. 'दीवार' (१९७५) आवाज बंद करून बघायचा? म्हणजे मैफिलीला कानात बोळे घालून बसण्यासारखं झालं.

संवाद म्हणजे कमअस्सल आणि कृती म्हणजे अस्सल, हा पाश्चात्त्य पटकथेच्या वर्गातला संस्कार आहे. आपल्याकडे नाटक, कीर्तन, तमाशा यांतून आलेली सवालजवाबाची परंपरा आहे. तिथे बोलणं हीच कृती. घरात दोन भाऊ समोरासमोर उभे आहेत. धाकटा म्हणतो, गुन्ह्यांच्या कबुलीवर सही कर. मोठा म्हणतो, आधी त्यांची सही घेऊन ये ज्यांनी माझ्या हातावर माझा बाप चोर असल्याचं गोंदलं. यातलं वाक्यन् वाक्य वार आहे. दोघांचंही खरं आहे आणि कोणीही मागे हटू शकत नाही. थीम उघड बोलली जाते, पण ती समोरच्याला जखमी करायला बोलली जाते, प्रेक्षकाला शहाणं करायला नाही.

फरक तिथे आहे, आवाजात नाही.

निळी_शाई

@अर्धविराम, 'जखमी करायला बोलणं' हे मान्य. पण 'दीवार'च नीट पाहिला तर त्याचा सांगाडा मुकाच आहे.

बूटपॉलिश करणारा लहानगा विजय, म्हणजे थोरला भाऊ, फेकलेले पैसे उचलत नाही. मोठा झाल्यावर तस्कर दावर नोटांची पुडकी टाकतो तेव्हाही तो त्याच कारणासाठी थांबतो. तो देवळाच्या पायऱ्या चढत नाही, आई आणि भाऊ आत जातात, तो बाहेर बसतो. आणि मरायला देवळातच येतो. ७८६ चा बिल्ला छातीवर गोळी अडवतो आणि अखेरच्या पळापळीत हातातून निसटतो. पैसा, पायरी, बिल्ला. या तीन गोष्टींवर अख्ख्या पात्राचा ग्राफ काढता येतो. संवाद या सांगाड्यावर चढलेलं मांस आहे.

अर्धविराम

मांस काढून सांगाड्याशी लग्न कोण करतं हो! (हलकं घ्या.)

पोलीस झालेल्या धाकट्या रवीचं मात्र कोणी बोलत नाही. भावावरची केस घ्यायला तो आधी नकार देतो. मग पळणाऱ्या एका पोरावर गोळी झाडतो आणि जवळ जाऊन बघतो तर पोरानं फक्त पाव चोरलेला असतो. तो त्यांच्या घरी काहीतरी खायला घेऊन जातो. आई शिव्याशाप देते, मास्तर असलेला बाप मात्र म्हणतो की चोरी लहानमोठी नसते. त्यानंतर रवी केस घेतो. हा प्रसंग कापला तरी कथानक एका इंचानं हलत नाही. पण मग रवी नुसता वर्दीतला गुळगुळीत धाकटा उरला असता. विजयच्या बाजूला इतकं वजन आहे की दुसऱ्या पारड्यात कोणाचं तरी दुःख घालावंच लागतं. अशा प्रसंगांना संकलनाच्या टेबलावर पहिली कात्री लागते, कारण 'गोष्ट पुढे जात नाही'.

कात्री_आणि_डिंक

कात्रीवर आरोप झाला म्हणून यावं लागलं.

गोष्ट पुढे जाते की नाही एवढंच संकलक बघत नाही. पात्र कधी कळतं, हे जास्त बघतो. निमोचंच उदाहरण. आधीच्या आराखड्यात बायको आणि अंडी गमावल्याचा प्रसंग तुकड्यातुकड्यांनी फ्लॅशबॅकमधून उलगडत होता. परिणाम काय, तर सिनेमाचा बराच भाग बाप नुसता किरकिरा वाटायचा. तोच प्रसंग अखंड उचलून सुरुवातीला लावला आणि प्रेक्षक त्याच्या भीतीत वाटेकरी व्हायला लागला. वागणं तेच, फक्त कारण आधी कळलं.

'टॉय स्टोरी' (१९९५) तर याहून वाईट अवस्थेत होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नेला दाखवलेल्या कच्च्या रिळांत वूडी हा नायक बाहुला इतका कुजकट होता की काम थांबवून पटकथा पुन्हा लिहावी लागली. त्यात तो बझ या नव्या खेळण्याला मुद्दाम खिडकीबाहेर ढकलत होता. अंतिम सिनेमात काय बदललं ते बारकाईनं बघा:

सुरुवातीलाच अँडी या पोराचं वूडीवरचं प्रेम दिसतं, म्हणजे गमावण्यासारखं काय आहे ते समजतं. मग वूडी खेळण्यांची सभा घेतो, घर बदलताना कोणी मागे राहू नये म्हणून जोड्या लावायला सांगतो. म्हणजे तो नेता म्हणून बरा आहे. आणि खिडकीच्या प्रसंगात त्याला बझला फक्त टेबलामागच्या फटीत पाडायचं असतं. रिमोटची गाडी सुटते, टाचण्या उडतात, पृथ्वीचा गोल घरंगळतो, दिवा फिरतो आणि बझ बाहेर. मत्सर वूडीचाच, पण त्याची शिक्षा त्याच्या गुन्ह्यापेक्षा मोठी. शिक्षा जास्त झाली की माणसं त्या पात्राच्या बाजूला येतात.

थीम दोन्ही मसुद्यांत एकच होती, जागा गेल्याची भीती. पहिला मसुदा पात्रामुळे पडला.

तिसरी_घंटा

कात्रीसाहेबांना दंडवत. वाचनखूण साठवली.

उलटतपासणी

सगळे 'पात्र बदललं पाहिजे' हे गृहीत धरून चाललेत. बदलणाऱ्या पात्राइतकंच न बदलणारं पात्र लोकप्रिय सिनेमात चालतं, आपल्याकडे तर जास्तच.

'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) मध्ये मुन्ना पहिल्यापासून माणसाला मिठी मारणाराच आहे. बदलतात ते डॉ. अस्थाना आणि इस्पितळ. 'बजरंगी भाईजान' (२०१५) मधला पवन खोटं बोलत नाही म्हणजे नाही. सीमेवरच्या कुंपणाखालून पाकिस्तानात गेल्यावरही सैनिकांची परवानगी मिळाल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. आधी हे विनोदी वाटतं, मग त्याच हट्टापायी मार बसतो, मग लोक त्याच्यासाठी खोटं बोलतात.

'चक दे इंडिया' (२००७) चं गणित अजून सुबक. महिला हॉकी संघाचा प्रशिक्षक कबीर खान, त्याचं मत सुरुवातीपासून पक्कं: राज्य नाही, संघ. ओळख करून देताना मुली राज्याचं नाव सांगतात आणि तो ते ऐकायला तयार नसतो. बदल त्यांच्यात व्हायचाय. गोलच्या आकड्यावरून एकमेकींना पाण्यात बघणाऱ्या कोमल आणि प्रीती यांच्यात अंतिम सामन्यात एक पास होतो, आणि तो पास म्हणजे सिनेमाची थीम. आवाज बंद करा नाहीतर डोळे अर्धे मिटा, कळतं.

असं पात्र लिहिताना लोक फसतात ते एकाच ठिकाणी: त्याला त्याच्या मतापायी काही सोसावंच लागत नाही. मग तो पुतळा होतो. कबीरचं घर जातं, नाव जातं, सात वर्षं जातात. त्यानंतर तो शांत उभा राहिला तर ते शोभतं.

खवचट_मांजर

न बदलणारं पात्र लोकप्रिय असतं हे पटलं. काही नटांनी तर तीस-तीस वर्षं एकच पात्र न बदलता केलंय.

नवा_गडी

फार छान चालली आहे चर्चा. एक बाळबोध प्रश्न. बघताना थीम ओळखता येते, पण पटकथा लिहिताना ती पात्रात कशी घालायची? आधी थीम ठरवायची की आधी पात्र?

पटकथा_हमाल

@नवा_गडी, आधी काय सुचलं याला काडीचं महत्त्व नाही. दुसऱ्या मसुद्यापर्यंत दोन्ही एकमेकांत अडकलेली हवीत. ते कसं करतात ते सांगतो.

पहिलं म्हणजे थीम विधानात लिहू नका, प्रश्नात लिहा, आणि दोन्ही उत्तरं देणारे शहाणे लोक सापडले पाहिजेत. 'प्रामाणिकपणा श्रेष्ठ' यातून प्रसंग निघत नाही. 'प्रामाणिक राहिल्यानं घर बुडत असेल तर?' यातून दहा निघतात.

मग पात्राच्या नावाखाली दोन ओळी. त्याला काय हवंय आणि त्याला कशाची गरज आहे. हवंय ते त्याला ठाऊक असतं, गरज ठाऊक नसते. कार्लला घर धबधब्याशी न्यायचंय, गरज आहे ती जिवंत माणसांत परतण्याची. पटकथेत एक तरी जागा अशी लागते जिथे एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागेल. ती जागा सापडत नसेल तर या दोन ओळी चुकल्यात, प्रसंग नाहीत.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यात कामाची: त्या प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरं देणारी चार पात्रं. 'द डार्क नाइट' (२००८) घ्या. प्रश्न असा की भीती पुरेशी वाढली की माणूस नियम सोडतो का. जोकर म्हणतो, सोडतोच. सरकारी वकील हार्वी म्हणतो, नाही, आणि मग स्वतःच सोडतो. बॅटमन एक नियम सांभाळायला बाकीचे मोडतो. चौथं उत्तर सामान्य लोकांचं: दोन बोटी, एकीवर कैदी, एकीवर नागरिक, प्रत्येकीच्या हातात दुसरीला उडवायचं बटण, मुदत मध्यरात्रीची. एक दांडगा कैदी बटण मागून घेतो आणि खिडकीबाहेर फेकतो. नागरिक मतदान करून उडवायचं ठरवतात आणि मग कोणाचा हात उठत नाही. इतका मारधाडीचा सिनेमा, पण त्याचा निकाल दोन बोटींवरच्या बिननावाच्या माणसांनी लावलाय.

मग कार्डं. १२० पानांच्या पटकथेला साधारण ४० ते ६० कार्डं होतात, एका सीनला किंवा सीनमालेला एक. पुढे काय घडतं ते लिहायचं, मागे एकच ओळ: या सीननंतर पात्राच्या हातातून काय गेलं किंवा हातात काय आलं. सलग चार कार्डांची मागची बाजू कोरी निघाली की समजायचं, मध्यंतरानंतर लोक मोबाइल काढतात ती ही जागा.

क्लायमॅक्सला जो गुण लागणार तो आधी दोनदा दिसला पाहिजे. एकदा सहज, एकदा उपयोगाला येताना. तिसऱ्यांदा किंमत घेऊन. मूळ मल्याळम 'दृश्यम' (२०१३) मधला केबलवाला चौथीपर्यंत शिकलेला, रात्र रात्र दुकानात सिनेमे बघतो. आधी ते हसण्यावारी जातं, घरचे कटकट करतात. मग सिनेमातून शिकलेली कायद्याची माहिती तो कोणाला तरी सल्ला म्हणून देतो. मग त्याच जोरावर बसची तिकिटं, हॉटेलचं बिल आणि लोकांच्या आठवणी यांतून तो न घडलेला दिवस उभा करतो. हाच गुण शेवटाच्या दहा मिनिटं आधी कळला असता तर लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या.

सगळ्यात शेवटी धुलाई. प्रश्नातला मुख्य शब्द पटकथेत शोधा आणि तो असलेली वाक्यं खोडून सीन मोठ्यानं वाचा. बहुतेक ठिकाणी काहीच बिघडत नाही. जिथे सीन कोसळतो तिथलं वाक्य ठेवा, ते अर्धविराम म्हणतात तसलं हत्यार आहे.

काय बिघडतं, तर तीन नेहमीचे प्रकार. नायक पहिल्यापासून बरोबर आणि खलनायक मूर्ख, म्हणजे वादच नाही. योगायोगानं सुटलेला पेच, म्हणजे निर्णय पात्राचा नाही, लेखकाचा. आणि तिसरा, किंमत मोजून दोन मिनिटांत परत करणं. मेलेला मित्र डोळे उघडतो, गेलेली नोकरी दुप्पट पगारानं परत येते.

तिसरी_घंटा

मेलेला मित्र डोळे उघडतो आणि वर विनोदही करतो.

नवा_गडी

@पटकथा_हमाल, धन्यवाद. 'सलग चार कार्डं कोरी' हे वाचून घाम फुटला.

जुनं_नाणं

आयडीला जागून नाण्यांबद्दल लिहितो. एकच वस्तू दोन सिनेमांत दोन उलट थीम कशी पेलते ते बघा.

'शोले'त (१९७५) जयच्या खिशातलं नाणं. पेच आला की तो उडवतो, वीरू निकाल मानतो. शेवटी पुलापाशी कोणी थांबायचं याचा निकालही नाण्यावर. जय मेल्यावर वीरू ते नाणं उलटसुलट करून बघतो, दोन्ही बाजूंना छाप एकच. म्हणजे आधीच्या प्रत्येक वेळी नशीब नव्हतंच, जय स्वतः ठरवत होता. एका क्लोजअपनं मागचे तीन तास बदलले. मैत्री म्हणजे काय याबद्दल जय सिनेमाभर जवळपास काहीच बोलत नाही, उलट वीरूच्या लग्नाची बोलणी करायला जाऊन त्याची लाज काढतो.

'द डार्क नाइट'मध्ये हार्वीचं नाणंही दोन्ही बाजूंनी सारखंच. तोही आधी नशीबाचं नाटक करतो आणि स्वतः ठरवतो. मग आगीत नाण्याची एक बाजू करपते. आता दोन बाजू खरंच वेगळ्या झाल्या आणि हार्वी खरोखरच नाण्यावर सोडून माणसं मारायला लागतो. तेच नाणं, तोच चेहरा, एक बाजू जळालेली.

जय निर्णय स्वतः घेऊन श्रेय नशीबाला देतो. हार्वी निर्णय सोडून देतो आणि दोषही नशीबाला देतो. यावर भाषण लिहायला बसलं तर चार पानं लागतील.

रीळ_क्रमांक_चार

जुनं नाणं खणखणीत निघालं. क्या बात!

उलटतपासणी

'शोले' निघालाच आहे तर शेवटाचं बोलू. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. सेन्सॉरनं हरकत घेतली, कारण निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो. मग पोलीस वेळेवर पोचतात आणि ठाकूर थांबतो, असा शेवट लागला.

थोड्याशाच फुटेजमध्ये थीम उलटी झाली. मूळ शेवटात ठाकूरला हवं होतं ते मिळतं, पण ज्या कायद्यासाठी त्यानं आयुष्य घालवलं तो हातचा जातो. किंमत आहे. बदललेल्या शेवटात तो कायद्याकडे परततो, पण तो निर्णय त्याच्याकडून करवून घेतलेला वाटतो. मघाशी हमालांनी म्हटलं तसं, निर्णय पात्राचा नाही, इथे लेखकाचाही नाही, तिसऱ्याच कोणाचा.

पटकथा_हमाल

आणि तरी चालला. कारण ठाकूरची थीम अर्धीमुर्धी राहिली, पण जयची पूर्ण झाली होती. दोन ग्राफ असले की एक दुसऱ्याला सांभाळून घेतो.

गल्लाभरू

सगळं वाचलं. पण एक विचारू का? लोक तिकीट काढतात ते गाण्यांना, नटांना, मारामारीला. थीम, ग्राफ, नाणं हे आपण मागाहून चिकटवतो. 'सैराट' (२०१६) लोकांनी थिएटरात नाचण्यासाठी पुन्हा पुन्हा पाहिला, जातीव्यवस्थेवर चिंतन करायला नाही.

अर्धविराम

@गल्लाभरू, तुम्ही निवडलेलं उदाहरण तुमच्याच विरोधात साक्ष देतंय. 'सैराट'ची चारही गाणी पूर्वार्धात संपतात. स्लो मोशन, भरगच्च वाद्यमेळ, विहीर, ऊस, आर्चीची बुलेट आणि ट्रॅक्टर. म्हणजे जो सिनेमा बघायला लोक आले तो पुरेपूर देऊन टाकलाय. मग दोघं पळतात आणि हैदराबादच्या झोपडपट्टीत गाणं हा प्रकारच बंद. जिनं बुलेट चालवली तिला स्वयंपाक येत नाही, संडासाला जायची पंचाईत, बाटल्यांच्या कारखान्यात काम. मालकिणीच्या तोऱ्यात वावरलेल्या मुलीला पहिल्यांदा कळतं की तो तोरा तिचा नव्हता, बापाच्या सत्तेचा होता. तीच सत्ता शेवटी भेटवस्तू घेऊन दारात येते.

नाचायला आलेल्या प्रेक्षकाला शेवटी कुठे आणून उभं केलं, ते नाचल्याशिवाय जमलंच नसतं. गाणी ही थीमची अर्धी बाजू आहेत.

कात्री_आणि_डिंक

इथे मूळ चाचणी गोत्यात येते बरं का. 'सैराट'च्या शेवटी लहान मूल रक्तात पावलं उमटवत चालतं तेव्हा आवाजच नाही. पार्श्वसंगीत नाही, रडणं नाही. पूर्वार्धातल्या दणदणाटानंतर ती शांतता कानावर आदळते. आवाज बंद करून बघणाऱ्याला हे कळणारच नाही, त्याच्यासाठी सगळंच शांत.

'गॉडफादर'मध्ये (१९७२) उलट. हॉटेलात माफिया घराण्यातला मायकेल पहिला खून करायला बसलाय. समोर बसलेला सोलोझो इटालियनमध्ये बोलतो आणि खाली भाषांतर दिलेलं नाही. शब्द कळत नाहीत म्हणून आपण मायकेलच्या डोळ्यांकडे बघत बसतो. तेवढ्यात आगगाडीची खडखड वाढत जाते. हॉटेलात आगगाडी कुठे दिसत नाही, तो त्याच्या डोक्यातला आवाज आहे. संगीत येतं ते गोळ्या झाडून, पिस्तूल हातातून टाकून झाल्यावर. लग्नाच्या दिवशी 'हे माझं घराणं आहे, मी नव्हे' असं प्रेयसी के हिला सांगणारा पोरगा इथे घराण्याचा होतो, आणि ते वळण आपल्याला आवाजानं सांगितलंय. शेवटचं दार केच्या तोंडावर बंद होतं ते मात्र मुकं चालेल.

गल्लाभरू

बरं, गाण्यांचं मागे घेतो. मारामारीचं घेत नाही.

रीळ_क्रमांक_चार

मारामारीलाही सोडत नाही तुम्हाला. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५), जवळपास अख्खा सिनेमा पाठलाग. सुरुवातीला मॅक्सला गाडीच्या तोंडाशी बांधून त्याचं रक्त नळीनं दुसऱ्याला चढवतात, तो माणूस नाही, रक्ताची पिशवी आहे. शेवटी त्याच्यासोबत लढणारी फ्युरिओसा मरायला टेकते तेव्हा तो स्वतः नळी लावून तिला रक्त देतो आणि तेव्हाच आपलं नाव सांगतो. ओरबाडून घेतलेलं तेच रक्त, आता दिलेलं.

उलटतपासणी

कौतुकच चाललंय, म्हणून नापासांकडे वळतो. सरळ नापास नाही, पण 'लगान'मधलं (२००१) कचरा नावाचं अस्पृश्य पात्र मला खटकतं. गावाचा त्याला संघात घ्यायला विरोध, भुवन शबरीच्या बोरांचा दाखला देऊन सगळ्यांना गप्प करतो. पण भुवनचं लक्ष कचऱ्याकडे गेलं का, तर त्यानं फेकलेला चेंडू वळला म्हणून. चेंडू वळला नसता तर? माणूस उपयोगी आहे म्हणून त्याला शिवायचं, ही समतेची थीम नव्हे, भरतीची जाहिरात आहे. त्यापुढे 'फँड्री' (२०१३) ठेवा. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. त्या कुटुंबातल्या जब्या या पोराकडे विकायला कुठलाच गुण नाही आणि सिनेमा तो मागतही नाही.

पटकथा_हमाल

हरकत वजनदार आहे. पण 'लगान'नं तिची थोडी सोय केली आहे. पहिल्या दिवशी चेंडू नवा, कचऱ्याची फिरकी चालत नाही, त्याला मार पडतो. म्हणजे ज्या गुणासाठी घेतला तो गुण नेमका नाही. त्या वेळात भुवन त्याच्या पाठीशी राहतो. दुसऱ्या दिवशी चेंडू जुना झाल्यावर बळी मिळतात. मधली ती निरुपयोगी वेळ काढून टाकली असती तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आणि सामना अटीतटीला आल्यावर शेवटच्या चेंडूला बॅट कोणाच्या हातात? कचऱ्याच्याच, ज्याला फलंदाजी येत नाही.

उलटतपासणी

आणि मग नो-बॉल पडतो आणि षटकार भुवनच मारतो. नायक तो नायकच.

पटकथा_हमाल

:) इथे हरलो. लोकप्रिय सिनेमा आहे, मालक.

निळी_शाई

शंभर वाटांनी फिरून मूळ प्रश्नाशी येते. चाचणी दुरुस्त करावी लागणार. कात्रीसाहेबांमुळे आवाज चालू ठेवते आणि अर्धविरामांमुळे संवादही. दोनच गोष्टी तपासायच्या. सुरुवातीला पात्र जे करत होतं तेच शेवटी पुन्हा त्याच्यासमोर येतं का (फेकलेले पैसे, नळीतलं रक्त, वळणारा चेंडू). आणि या वेळी त्याला किंवा त्याच्या बाजूच्या माणसाला वेगळी किंमत मोजावी लागते का. उलटतपासणींचा कबीरही यात बसतो: पहिल्या सामन्यात पेनल्टी स्ट्रोक त्यानं स्वतः मारून चुकवला, शेवटच्यात तो मैदानाबाहेर उभा आहे आणि गोलरक्षक विद्याला जागेवर थांबायची खूण करण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही.

'लगान'ला मी काठावर पास करते. नो-बॉलचे गुण कापून.

नवा_गडी

कार्डं लिहून पाहिली. ५२ झाली. १८ ते २५ मागून कोरी.

पटकथा_हमाल

आठ सलग म्हणजे तिथे पात्र फिरायला गेलंय. १७ व्या कार्डावर त्याला जे मिळालं ते १८ व्यावर काढून घ्या आणि पुढची पुन्हा लिहा. त्यातली तीन तरी गळून पडतील.

खवचट_मांजर

आणि त्या जागी गाणं टाका. गल्लाभरूंची सोय होईल.